सोड आणि ओढ

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्याच्या कानात ‘ओढ’ असा शब्द आला आणि त्यानं ओढलं. लिव्हर बोटभर मागे, इतकंच. समोरच्या पडद्यावर वजनाचा आकडा नऊशेवरून एकदम सोळाशेवर गेला, तिथून चारशेवर पडला आणि मग अकराशेवर येऊन थरथरत राहिला. इमारतीच्या पलीकडे, जिथलं त्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे काहीतरी कडाडलं. तो आवाज त्याला कानानं कमी आणि बुडाखालच्या सीटमधून जास्त कळला. क्रेनच्या लांब दांड्याच्या, बूमच्या, टोकाला दोरी झुलायला लागली. त्यानं दोन्ही हात लिव्हरवरून उचलले आणि हवेतच धरून ठेवले, समोर कुणी बंदूक रोखल्यासारखे. हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. मग घोषणावालीचा आवाज आला, “थांब. सगळे थांबा.” आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं, म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं पाच-सहा सेकंदांनी, सुताराचा आवाज आला. “आहे मी. आहे. काही झालं नाही.” सुतार एवढंच बोलला, पण तो एवढं कधी बोलत नसे. एरवी झाडावरून तो फक्त ‘बांधलं’, ‘कापतो’ आणि ‘सुटलं’ हे तीन शब्द बोलायचा.

पलीकडे काय असेल ते त्याला न बघता मांडता येत होतं. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. जुनी तीनमजली इमारत, खाली-वर मिळून चाळीसेक दुकानं, मधोमध चौक आणि चौकात इमारतीच्याही वर गेलेलं झाड. आत शिरायला एकच बोळ, त्यातून हातगाडी जेमतेम जायची, तिथे क्रेनची काय कथा. झाडाच्या बुंध्याशी ताटलीएवढ्या बुरशा आल्या होत्या, ठोकलं तर रिकाम्या पेटीसारखा आवाज यायचा, आणि गेल्या वादळापासून ते दुसऱ्या मजल्यावरच्या नृत्यवर्गाच्या खिडक्यांकडे चांगलं दोन वीत कललं होतं. पाडायचं म्हटलं तर पाडायला जागा नव्हती. म्हणून क्रेन पुढच्या रस्त्यावर, चारही पाय जाड फळ्यांवर रोवून उभी केली होती. बूम छतावरून पलीकडे न्यायचा, हूक झाडात सोडायचा. सुतार वर चढून फांदीला पट्टे बांधणार, क्रेन तिचा भार हलकेच स्वतःवर घेणार, मग सुतार कापणार आणि फांदी पडण्याऐवजी जागच्या जागी तरंगत वर येणार, छतावरून अलीकडे, रस्त्यावर. सगळं नीट झालं तर खालच्या फरशीवर भुश्शाशिवाय काही पडायचं नाही. चष्मेवाला, घड्याळजी, शिंपी, दातांचे डॉक्टर, सगळ्यांनी दोन दिवस शटर खाली ओढलं होतं. केबिनमधून त्याला दिसत होता तो इमारतीचा दर्शनी भाग, रंग उडालेल्या पाट्या आणि वर आभाळाचा तुकडा. झाड त्याला दिसत नव्हतं. झाड म्हणजे छताच्या कठड्याशी उभ्या असलेल्या त्या मुलीचा आवाज होता.

तिला घोषणावाली म्हणत, कारण आधी ती एका मोठ्या दुकानात ध्वनिक्षेपकावर बोलायची. हरवलेली मुलं, बंद होणारे मजले, दाराशी आडवी लावलेली गाडी हलवा. त्या दुकानानं घोषणा यंत्राकडून करून घ्यायला सुरुवात केली आणि ती इकडे आली. तिच्याइतके स्वच्छ उच्चार या धंद्यात कुणाचे नव्हते. सुपरवायझर गमतीनं म्हणायचा, हिनं झाडाला सांगितलं तर झाडच चालत बाहेर येईल. खाली जमिनीवर ती त्याला ‘काका’ म्हणे, ‘अहो काका, पाणी देऊ का’ म्हणे. पण वॉकी-टॉकीवर अहो-जाहो चालत नाही, शब्द जितका आखूड तितका बरा, म्हणून तिथे तो ‘तू’ व्हायचा. सोड म्हणजे दोरी सैल कर. ओढ म्हणजे ताण दे. डावं, उजवं, थांब. पाच-सात शब्दांत सगळा संसार. आणि आता त्याच्या मनात आलं की आत्ता, या क्षणी, ताण आधीच पुरेसा असताना, सुताराची साखळीची करवत अर्ध्या लाकडात असताना, कोण शहाणं माणूस ‘ओढ’ म्हणेल. ती म्हणणार नाही. तिनं ‘सोड’ म्हटलं होतं. त्यातला ‘स’ कुठेतरी छतावरच राहिला होता.

हे त्याला नवं नव्हतं, हीच खरी गोम होती. ‘स’ जायला लागून दोन वर्षं झाली होती. आधी किटलीची शिट्टी गेली. मग सकाळचे पक्षी गेले, पण पक्षी काय, कमी झाले असतील म्हणून त्यानं तो विषय मिटवला. मग फोनवर नातीचं बोलणं नुसतं बुडबुड्यांसारखं यायला लागलं आणि तो म्हणायचा, रेंज नाही गं तुझ्याकडे. माणूस स्वतःला किती सफाईनं गंडवतो. कामावर मात्र त्याला कधी अडचण आली नव्हती, किंवा तसं तो धरून चालला होता, कारण कामाची एक चाल असते. आधी बांधलं, मग थोडा ताण, मग कापतो, मग सुटलं, मग वर, मग डावं. चाल पाठ असली की शब्द ऐकावे लागत नाहीत, आवाज आला एवढं पुरतं. दोन वर्षं तो ऐकत नव्हताच, अंदाजानं हात हलवत होता. आज तिनं चालीबाहेरचा शब्द टाकला आणि हाताला आधी कळलं नाही.

तुकडा उचलून रस्त्यावर ठेवला तेव्हा कापाच्या टोकाला लाकडाची हातभर लांब ढलपी फाडल्यासारखी लोंबत होती. सुपरवायझरनं चहाची सुट्टी दिली. चौघं इमारतीच्या पायऱ्यांवर बसली. सुतार सहा फुटी, तोंडावर भुसा, एका पायावर पिशवी घेऊन बसला होता आणि ती पिशवी काही मांडीवरून हलवत नव्हता. सुपरवायझर ढलपीवर बोटं फिरवून आला.

“आतून पोखरलंय,” तो म्हणाला. “ताण आला की फाटणारच. तुला आधी दिसलं नाही?”

“नाही,” सुतार म्हणाला. “दिसायला हवं होतं.”

“पण आकडा सोळाशेला कसा गेला?” हा प्रश्न त्याच्याकडे बघून होता. त्यानं कप तोंडाला लावला. चहा पोळत होता हे बरं झालं. मधल्या वेळात घोषणावाली बोलली. ती कपाकडे बघत होती.

“मी बहुतेक चुकीचं बोलले,” ती म्हणाली. “मला सोड म्हणायचं होतं. पण गडबडीत तोंडातून ओढ गेलं असेल. काका, तुम्हाला काय ऐकू आलं?”

“ओढ,” तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

सुपरवायझरनं सुस्कारा टाकला. “हे बघ बाई, तुझा आवाज छान आहे, पण इथे आवाजाचं काय करायचंय? डोकं जागेवर पाहिजे. उद्यापासून तू खाली दोरखंडाजवळ थांब. छतावर मी दुसरं कुणी बघतो.” ती ‘बरं’ म्हणाली. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. मग त्यानंही वाद घातला असता, आवाज चढले असते आणि त्या गलक्यात काहीतरी निसटून बाहेर पडलं असतं. पण ती मुकाट्यानं उठली, चौघांचे कप गोळा केले आणि आत नळावर धुवायला गेली. नळाचं पाणी पडताना त्याला दिसत होतं. आवाज नव्हता.

बाबांचे कान गेले तेव्हा ते पंचेचाळीसचे होते आणि तो दहाचा. पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात बाबा दाबयंत्रावर होते, दिवसभर धाड धाड धाड. घरी आले की तासभर कुणाशी बोलायचे नाहीत, म्हणायचे, अजून कारखाना सुटायचाय. पुढे पुढे तो सुटलाच नाही. आई त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची आणि मोठ्यानं बोललेलं सगळं भांडणासारखं वाटतं, म्हणून शेजारी समजायचे यांच्यात रोज कडाक्याचं वाजतं. तो आणि धाकटी बहीण यांनी एक खेळ काढला होता. बाबांच्या समोर उभं राहायचं, चेहरा गंभीर करायचा आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. बाबा पुढे वाकत, कानामागे हात नेत, ‘काय? काय म्हणतोस?’ असं विचारत. मग पुन्हा ओठ हलवायचे. बाबा आणखी वाकत. बहिणीला हसू आवरायचं नाही, ती फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबायची. एका पावसाळी संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, बाबा मेणबत्ती लावत होते. त्यांनी काडी ओढली आणि सहज म्हणाले, “तुम्ही नुसते ओठ हलवता ते मला कळतं बरं का. खरं बोललेलं थोडं तरी इथे लागतं.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “पण खेळा. तेवढा वेळ तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता.” बहीण रडायला लागली. तो रडला नाही, त्याला राग आला, कशाचा ते त्याला आजतागायत नीट सांगता आलं नव्हतं. कदाचित आपल्याला शिक्षा झाली नाही याचा असेल. शिक्षा झाली असती तर हिशेब मिटला असता. पुढे बाबांना कारखान्यानं गोदामात बसवलं, मग घरी बसवलं. दारात खुर्ची टाकून ते रस्ता बघत बसायचे आणि कुणी हात केला की मान डोलवायचे, ओळख असो वा नसो. त्याला मित्रांसमोर त्या मान डोलावण्याची लाज वाटायची. आपण असं कधी मान डोलवायची नाही, असं त्यानं तेव्हा ठरवलं होतं. आणि आता दोन वर्षं तो घरात, बसथांब्यावर, कामावर, सगळीकडे मान डोलवत होता, फक्त तोंडानं ‘हं’ अशी जोड देऊन.

दुपारी बुंध्याची पाळी होती. फांद्या संपल्या होत्या, आता उभा खांब राहिला होता. वरचा तुकडा सुपरवायझरच्या मोजमापानं अडीच टन, आणि पोकळ किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुतार बुटांचे लोखंडी काटे खोडात रोवत पुन्हा चढला. आज क्रेनच्याच हुकाला स्वतःचा पट्टा अडकवून ठेव, झाडाचा भरवसा नाही, असं सुपरवायझर म्हणाला होता, आणि सुतारानं तसं केलं होतं. म्हणजे झाड आणि सुतार दोघंही आता एकाच दोरीवर होते आणि ती दोरी त्याच्या उजव्या हाताखाली होती. केबिनमध्ये ऊन आलं होतं. काचेवर माशी चालत होती. तिचे पंख हलताना दिसत होते आणि त्याला आठवलं की माशीला आवाज असतो.

“बांधलं,” असं काहीतरी आलं. हा सुतार. सूर ओळखीचा.

आता घोषणावाली बोलणार. ताण घ्यायला सांगणार. ‘ओढ’ म्हणेल, आणि या वेळी ते खरंच ओढ असेल, चालीत बसणारं ओढ, आणि सगळं नीट होईल. संध्याकाळपर्यंत तुकडे खाली येतील, उद्या उरलेला बुंधा, परवा दुसरी जागा, छतावर दुसरा माणूस. हेडफोन डाव्या कानावर आहे, तो उजव्यावर घ्यायचा, उजवा बरा आहे. वाटलं तर कानाचं एक यंत्र आणायचं, केसांत लपतं म्हणतात. निवृत्तीपर्यंत चार वर्षं काढायची आहेत. चारच वर्षं. त्याचा अंगठा बोलायच्या बटणावर होता आणि तो स्वतःच्याही नकळत दाबला गेला.

“ऐकतेस?” तो म्हणाला.

“हो, बोल.”

“मला दोन शब्द म्हणून दाखव. सोड आणि ओढ. आधी कुठला ते सांगू नको.”

खरखर. छताच्या कठड्याशी तिचं केशरी जाकीट त्याला दिसत होतं. ते वळलं. ती खाली केबिनकडे बघत असावी. मग शब्द आले. “ओढ,” आणि थोड्या वेळानं, “ओढ.”

“परत. क्रम बदल.”

“ओढ. ओढ.”

त्यानं हेडफोन काढून उजव्या कानावर घेतला. कानाची पाळी घामानं ओली झाली होती. “परत,” तो म्हणाला. या कानात तिचा आवाज मोठा आला, जवळ आला, तिनं बोलण्याआधी श्वास घेतला तोही कळला. किती नीट बोलत होती ती. प्रत्येक शब्द वेगळा काढून, पुसून हातात द्यावा तसा.

“ओढ,” ती म्हणाली. “ओढ.”

माशी काचेच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मग ती बोलली, आणि आज पहिल्यांदा वॉकी-टॉकीवरचा नियम तिनं मोडला. “काका,” ती म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाहीये.”

ते मात्र त्याला अक्षर न् अक्षर कळलं. त्यानं क्रेनचं इंजिन बंद केलं, दोरीचा खटका लावला, दोनदा हलवून पाहिला. हे सगळं हातांनी आपलं आपण केलं. मग त्यानं बटण दाबून धरलं, तिघांनाही जाईल असं. “सकाळी तिनं सोडच म्हटलं होतं,” तो म्हणाला. “ओढलं मी. मला ‘स’ ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. सुतारा, तुझा पट्टा माझ्या हुकातून काढ आणि झाडाच्या दोरावर घे. मी काही हलवत नाही. मी आता काही हलवणार नाही.”

“काढतो,” सुतार म्हणाला. एवढंच.

सुपरवायझर धावतच आला. केबिनच्या पायरीवर चढून त्यानं दार उघडलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज खालचा होता, त्यामुळे अर्धं बोलणं त्याच्या ओठांवरूनच वाचावं लागलं. “दोन वर्षं गप्प बसलास,” सुपरवायझर म्हणत होता, “आणखी चार तास बसवलं नसतं का तुला?” आणि लगेच, “नाही, तसं नाही म्हणायचं मला.” मग तो पायरीवरच बसला, डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं, आणि रस्त्यावर पडलेल्या फांद्यांकडे बघत राहिला. त्याच्या टाळूवरचे केस घामानं चिकटले होते. दोघांनी एकत्र अठरा वर्षं काम केलं होतं. “खाली ये,” तो शेवटी म्हणाला. “चावी दे.”

सुतार बोळातून बाहेर आला तो सरळ त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं सकाळसारखीच मांडीपुढे धरलेली पिशवी बाजूला केली. डाव्या मांडीवर, पँटच्या जाड कापडाला, हातभर उभी चीर होती आणि तिच्यातून आतल्या अस्तराचे पांढरे धागे बाहेर आले होते. करवतीच्या साखळीत गुंतून तिला थांबवण्यासाठीच ते धागे असतात.

“सकाळी लाकूड फाटलं तेव्हा करवत इथे आली,” सुतार म्हणाला. तो मोठ्यानं बोलत होता, तोंड समोर धरून, एकेक शब्द सुटा. “मी कुणाला दाखवलं नाही. मला वाटलं, काप माझाच चुकला.”

तो त्या धाग्यांकडे बघत राहिला. चुकलं म्हणणार? त्या शब्दाची तिथे काय किंमत होती.

“दोन वर्षांत मी तुमच्या हुकाखाली किती झाडं चढलो?” सुतारानं विचारलं.

“पन्नास असतील. साठ.”

“मला दोन मुली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बारशाला आला होतात.” सुतारानं पिशवी पुन्हा उचलली. “आज सांगितलंत, ठीक केलंत. पण माझा राग इतक्यात जाणार नाही. तो जावा म्हणून तुम्ही काही करूही नका.” तो गेला. त्याच्या चालीत किंचित लंगडणं होतं, किंवा नसेलही. घोषणावाली बोळाच्या तोंडाशी उभी होती. ती जवळ आली नाही, आणि निघूनही गेली नाही. सुपरवायझरनं तिच्याकडे जाऊन काहीतरी सांगितलं, तेव्हा तिनं मान हलवली आणि वॉकी-टॉकी पुन्हा कमरेला अडकवला.

तो घरी पोचला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलावर कपड्यांच्या घड्या करत होती. त्याला इतक्या लवकर आलेला बघून ती उठायला लागली. त्यानं तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. दहा वाजून वीस मिनिटांपासून, चहा, मुलगी, सुताराची पँट. ती ऐकत होती आणि हातानं एकाच टॉवेलाची घडी घालत होती, मोडत होती. तो थांबला तेव्हा तिनं टॉवेल खाली ठेवला. “म्हणजे कान,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं नकोसं झालंय.”

ती पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा हळू झाला आणि मग तिच्याच लक्षात येऊन ती थोडी पुढे सरकली. “मी काही सांगितलं की तुम्ही हं म्हणायचात. चुकीच्या जागी हं. मला वाटलं, होतं असं काही माणसांचं या वयात. मग मी सांगणं कमी केलं. गेल्या वर्षी छातीत गाठ लागली म्हणून तपासायला गेले होते, तेव्हा आदल्या रात्री तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात आणि बातम्यांचा आवाज वाढवलात.”

“काय निघालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. साधी गाठ. धाकट्या जाऊबाई आल्या होत्या बरोबर.” ती उठली, खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर आणून ठेवली आणि गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. मग ती बोलायला लागली. वर्षभराचं. शेजारच्या घरातल्या ओलीचं, नातीच्या शाळेतल्या बाईंचं, दवाखान्यातल्या त्या थंडगार खोलीचं, तिथे तिला त्याचा किती राग आला होता त्याचं. काही शब्द निसटत होते. निसटले की तो म्हणत होता, “हे कळलं नाही, परत सांग.” दोन वर्षांत हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. ती परत सांगत होती. चौथ्या-पाचव्या वेळी ती वैतागून म्हणाली, “अहो, ओली भिंत, ओली. पोळी नाही,” आणि दोघंही थोडं हसले, फार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जायची गरज नव्हती, पण तो गेला. केबिनमध्ये दुसऱ्या जागेवरून बोलावलेली ऑपरेटर बाई बसली होती, चाळिशीची, गंभीर, हातात पातळ मोजे. ती त्याला एकदा भेटली आणि क्रेनच्या काही खोडी विचारून घेतल्या. तो सांगत असताना तिनं त्या कागदावर उतरवल्या. मग तो बोळातून आत चौकात गेला आणि सुपरवायझरनं आखून दिलेल्या दोरीच्या मागे उभा राहिला. सव्वीस वर्षांत असं आडोशाचं झाड त्यानं मुळाशी उभं राहून क्वचितच बघितलं होतं. बुंधा त्याला वाटला होता त्याहून खूप जाड होता. सालीत कुणीतरी फार पूर्वी ठोकलेली कडी होती आणि लाकूड तिच्याभोवती वाढून ती अर्धी गिळून बसलं होतं. घड्याळजी दाराशी स्टूल घेऊन बसला होता, नृत्यवर्गाच्या बाई हाताची घडी घालून वरच्या कठड्याशी उभ्या होत्या. घोषणावाली छतावरून बोलत होती. शब्द बदलले होते. तिनंच सकाळी सुपरवायझरला सांगून बदलून घेतले होते, आता सोड नव्हतं, ओढ नव्हतं, ‘खाली’ आणि ‘वर’ होतं, आणि प्रत्येक शब्द ऑपरेटरनं परत उच्चारल्याशिवाय काही हलत नव्हतं. सुतारानं काप पुरा केला. काही क्षण काहीच झालं नाही. मग अडीच टनांचा तो खांब आपल्या जागेवरून बोटभर उठला, त्याच्याखाली उजेडाची एक फट पडली, आणि तो सरळ, अजिबात न डुलता, वर वर जाऊन छताच्या पलीकडे दिसेनासा झाला. किती चांगलं काम. त्यालाही जमलं नसतं इतकं. त्याला हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हे त्यानं स्वतःपासून लपवलं नाही. सुतार खोडावरून उतरला आणि दोरीपाशी त्याच्यासमोरून गेला. थांबला नाही. पण जाता जाता त्यानं मान वळवली आणि तोंड समोर येईल असं धरून म्हणाला, “पोकळ निघालं. आत धरायला मूठभरही घट्ट लाकूड नव्हतं.”

पुढच्या आठवड्यात कंपनीनं त्याला तपासणीला पाठवलं. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, गाद्या लावलेल्या भिंतींची लहानशी खोली, आत एक खुर्ची, समोर चौकोनी काच. काचेपलीकडे तपासणारी बसली होती. तिनं त्याच्या कानांवर जड हेडफोन चढवले, हातात वायरचं बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार लागलं तेव्हा त्याचे कान बसल्यासारखे झाले. पहिले आवाज सोपे होते, जाड, बोटीच्या भोंग्यासारखे. त्यानं दाबलं. दाबलं. हळूहळू ते बारीक होत गेले, आणि एका जागी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो आता आवाजावर दाबत नाहीये. तपासणारी यंत्राच्या खटक्याला बोट लावताना तिचा खांदा किंचित हलत होता. त्यात चाल होती. खांदा, दोन मोजायचे, बटण. खांदा, तीन मोजायचे, बटण. अशानं तो पास झाला असता. कागदावर बरा आकडा आला असता, केबिन परत मिळाली असती, निदान तो प्रयत्न करता आला असता. अंगठा बटणावर तयार होता. काचेत त्याला स्वतःचाही चेहरा दिसत होता, पुढे झुकलेला.

त्यानं खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली आणि काचेला पाठ करून बसला. भिंतीच्या करड्या कापडाला बारीक भोकं होती. तो ती बघत राहिला. आता खांदा नव्हता, चाल नव्हती, काहीच नव्हतं. कदाचित ती पलीकडे एकामागून एक आवाज पाठवत असेल. कदाचित ती नुसती थांबली असेल. ही शांतता यंत्राची की त्याची, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. त्यानं बटण दाबलं नाही.